पहिल्या दिवसाचा कागद

मित्राच्या मृत्यूची बातमी परक्या देशातून येते, तिथले अधिकारी अपघाताची नोंद करून मोकळे होतात, आणि ते न पटलेला माणूस बॅग भरून स्वतःच छडा लावायला निघतो. रहस्यकथेची ही जुनी आणि वाचकांची लाडकी वाट आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारपासून गुरुनाथ नाईक आणि सुहास शिरवळकरांच्या नायकांपर्यंत वाढलेल्या मराठी वाचकाला अशा कथेची चटक नव्याने लावावी लागत नाही. त्या कथेत शहर अनोळखी असते, भाषा परकी असते, पोलीस उदासीन असतात आणि नायकाकडे हुशारी व निष्ठा यांखेरीज काही नसते. शेवटी तो सत्यापर्यंत पोहोचतो. वाचताना आपला असा समज होतो की सत्य कुठेतरी अखंड पडून असते आणि पुरेसा चिकाटीचा माणूस आला की ते सापडते. प्रत्यक्षात असे घडत नाही. परदेशी माणसाच्या संशयास्पद मृत्यूचे सत्य पहिल्या काही तासांत कागदावर उतरते, नाहीतर कायमचे विस्कटते. ते उतरवणारे हात मागाहून येणाऱ्या मित्राचे नसतात. ते गावातल्या पंचांचे, ठाण्यातल्या उपनिरीक्षकाचे आणि शवागारातल्या डॉक्टरचे असतात. गोव्यातील दोन-तीन खटले शेजारी ठेवून पाहिले की हे स्वच्छ दिसते, आणि पेडणे-डिचोलीच्या वाचकाने ते समजून घेणे अगत्याचे आहे.

या प्रकारच्या कथेचा आदर्श मानला जाणारा 'द थर्ड मॅन' हा १९४९ चा चित्रपट मुळात हेच सांगतो. पटकथा ग्रॅहम ग्रीन यांची, दिग्दर्शन कॅरल रीड यांचे. दुसऱ्या महायुद्धानंतर चार राष्ट्रांनी वाटून घेतलेल्या व्हिएन्नात होली मार्टिन्स नावाचा किरकोळ लेखक आपल्या मित्राला, हॅरी लाइमला, भेटायला येतो आणि त्याच्या अंत्यविधीलाच पोहोचतो. त्याला सांगितले जाते की मोटारीखाली सापडून हॅरी गेला. हळूहळू कळते की गाडी हॅरीच्याच ड्रायव्हरची, वाटेने जाणारा डॉक्टर हॅरीचाच, आणि जखमीला उचलणारेही हॅरीचेच मित्र. म्हणजे मृत्यूची नोंद ज्यांच्या तोंडून झाली ते सगळे एकाच गोटातले. पुरलेला मृतदेह हॅरीचा नव्हताच, हे फार उशिरा उघड होते. हे कारस्थान फुटते ते नायकाच्या बुद्धीने नव्हे. इमारतीच्या राखणदाराने खिडकीतून पाहिलेले असते की देह उचलणारी माणसे दोन नव्हती, तीन होती. त्याची साक्ष कोणी घेतलेली नसते. तो बोलायला तयार होतो, पण बोलण्याआधीच त्याचा खून होतो. घाईने उरकलेली चौकशी, हितसंबंधी साक्षीदार, ओळख न पटवता पुरलेला देह आणि न विचारला गेलेला स्थानिक माणूस: ग्रीन यांनी रचलेल्या रहस्याचे हे चार खांब आहेत, आणि खऱ्या आयुष्यात तपास फसतो तोही याच चार ठिकाणी.

हेच ग्रीन १९६३ च्या डिसेंबरात गोव्यात आले होते. मुक्तीला तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती आणि किनारे बहुतांशी मासेमारांचे होते. आज उलट चित्र आहे. २०२४ मध्ये गोव्यात आलेल्या विदेशी पर्यटकांची संख्या साडेचार लाखांच्या वर होती, आणि त्यांतले बरेचसे पेडण्याच्या किनाऱ्यावर, मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल, केरी या गावांत उतरतात. मोपाच्या विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली आणि परदेशातून येणाऱ्याला पेडणे तालुका गोव्याचा पहिला उंबरठा झाला. हे पाहुणे हॉटेलात दोन रात्री राहून जात नाहीत. कित्येकजण हंगामभर गावातल्या घरात खोली घेतात, भाड्याची दुचाकी फिरवतात, पोदेराकडून पाव घेतात. त्यामुळे कोणाच्या तरी कथेतला तो 'परका देश' आता आपले गाव आहे, आणि त्या कथेतला खिडकीतून पाहणारा राखणदार म्हणजे आपल्यापैकीच कोणी: पहाटे रापण ओढायला गेलेला मासेमार, शॅकवर ग्लास धुणारा पोरगा, रात्री उशिरा गिऱ्हाईक सोडून परतणारा मोटारसायकल पायलट.

१८ फेब्रुवारी २००८ च्या सकाळी हणजूणच्या किनाऱ्यावर स्कार्लेट कीलिंग या पंधरा वर्षांच्या ब्रिटिश मुलीचा मृतदेह सापडला. तिचे कुटुंब तेव्हा कर्नाटकात गोकर्णच्या बाजूला होते. पोलिसांनी बुडून मृत्यू अशी नोंद केली आणि पहिल्या शवचिकित्सेनंतरही प्रकरण अपघाताच्या खात्यातच राहिले. आई फियोना मॅकोन यांनी ते मानायला नकार दिला, वकील गाठला, पत्रकारांना गाठले. मार्चमध्ये दुसरी शवचिकित्सा झाली तेव्हा अंगावर पन्नासच्या आसपास जखमा व ओरखडे असल्याचे नोंदले गेले, आणि मग खुनाचा गुन्हा दाखल झाला. तपास करणाऱ्या उपनिरीक्षकाला निलंबित करण्यात आले आणि पुढे प्रकरण सीबीआयकडे गेले. त्यानंतरचा प्रवास किती लांबला तो पाहावा. सप्टेंबर २०१६ मध्ये गोवा बाल न्यायालयाने दोन्ही आरोपींना निर्दोष सोडले. सीबीआयने अपील केले. जुलै २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने एका आरोपीला सदोष मनुष्यवधासह इतर गुन्ह्यांत दोषी धरून दहा वर्षांची सक्तमजुरी सुनावली आणि दुसऱ्याची सुटका कायम ठेवली. एका मुलीच्या शेवटच्या रात्रीचा निवाडा व्हायला अकरा वर्षांहून अधिक काळ गेला.

या प्रकरणातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट अशी की 'बुडून मृत्यू' हे शब्द निव्वळ खोटे नव्हते. सरकार पक्षाचे म्हणणेच असे होते की मुलीला मादक पदार्थ देऊन, तिच्यावर अत्याचार करून, गुंगीच्या अवस्थेत उथळ पाण्यात सोडून दिले गेले. म्हणजे प्राण पाण्यानेच गेला, पण पाण्यापर्यंत ती पोहोचली कशी हा प्रश्न त्या दोन शब्दांमागे झाकला गेला. वैद्यकशास्त्राला ही मर्यादा नीट ठाऊक आहे. श्वासनलिकेत फेस, फुप्फुसांची सूज, पोटात पाणी आणि वाळू, एवढ्यावरून माणूस जिवंतपणी पाण्यात होता असे म्हणता येते. ढकलला गेला, घसरला, की शुद्ध हरपलेली असताना कोणी सोडून दिला, हे त्यातून कळत नाही. पाण्यातले डायटम नावाचे सूक्ष्म शैवाल इथे थोडी मदत करते. त्याच्या वाळूसारख्या सिलिकाच्या कवचाला ॲसिडही विरघळवू शकत नाही. बुडताना हृदय चालू असेल तर हे कण रक्ताबरोबर हाडांच्या मगजापर्यंत जातात. समुद्राचे डायटम वेगळे आणि गोड्या पाण्याचे वेगळे. हरमलला गोड्या पाण्याचे तळे समुद्रापासून चार पावलांवर आहे. समुद्रात सापडलेल्या देहाच्या मगजात तळ्यातले डायटम निघाले तर गोष्ट एकदम पालटते. डिचोलीतल्या पाण्याने भरलेल्या खाणींच्या खड्ड्यांना आणि मयेच्या तळ्यालाही हेच लागू आहे. पण ही चाचणी उपयोगी पडायची असेल तर देह सापडला त्याच दिवशी, त्याच ठिकाणचे पाणी बाटलीत भरून मोहोरबंद करावे लागते. पंधरा दिवसांनी भरलेल्या बाटलीला कोणताही बचावाचा वकील विचारेल, हे पाणी त्या रात्रीचे कशावरून? आणि शवचिकित्सा मृत्यूचे कारण सांगते, मृत्यूची हकीकत सांगत नाही. हकीकत जागेवरून, माणसांकडून, त्याच दिवशी गोळा करावी लागते.

कायद्याला ही गोष्ट फार पूर्वीपासून कळलेली आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १७४, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९४, पोलिसांना सांगते की अकस्मात किंवा संशयास्पद मृत्यू कळताच कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवावे, देह असेल तिथे जावे, आणि त्या भागातल्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांच्या समक्ष मृत्यूचे वरकरणी कारण काय दिसते याचा अहवाल करावा. त्यात जखमा, अस्थिभंग, ओरखडे, खुणा आणि त्या कशाने झाल्या असाव्यात हे नोंदवायचे असते. आपण याला इन्क्वेस्ट पंचनामा म्हणतो. तो कसा होतो यावर पुढचे सगळे अवलंबून असते. देह पालथा होता की उताणा, कपडे अंगावर किती व कसे, चपला कुठे, भरतीची रेषा देहाच्या वर की खाली, नखांत काय अडकले आहे, मनगटावर वळ आहे का, जवळच्या शॅकचा कोणता दिवा रात्री चालू होता, हे टिपायला प्रयोगशाळा लागत नाही. डोळे, टेप, कॅमेरा आणि थोडा धीर लागतो. आपल्या किनाऱ्यावर समुद्र दिवसातून दोनदा भरतो. सकाळी सात वाजता न मोजलेले पाऊल दुपारी मोजता येत नाही. नव्या संहितेने सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे आणि तिथल्या कामाचे चित्रण करणे यावर भर दिला आहे. तरतूद चांगली आहे, पण तिच्यात एक फट आहे. मृत्यू मुळात अपघात म्हणून नोंदला गेला तर गुन्हाच नसतो आणि तज्ज्ञाला बोलावण्याचे कारणही उरत नाही. म्हणून पहिला शब्द कोणता लिहिला जातो याला एवढे वजन आहे.

भरतीइतकीच निर्दय दुसरी गोष्ट म्हणजे हंगाम. किनाऱ्यावरचे शॅक मेअखेर उतरवले जातात. ज्या लाकडी पडवीत माणूस शेवटचा दिसला, ती जागाच पावसाळ्यात नाहीशी होते. तिथे काम करणारी पोरे नेपाळला, कर्नाटकात, दोडामार्ग-सावंतवाडीकडे आपापल्या घरी परततात आणि पुढच्या वर्षी भलत्याच ठिकाणी कामाला लागतात. पर्यटक तर विमान पकडून केव्हाच गेलेला असतो. हणजूणच्या खटल्यात हे फार महागात पडले. त्या रात्री मुलीजवळ एका आरोपीला पाहिल्याचे सांगणारा महत्त्वाचा साक्षीदार स्वतः ब्रिटिश होता. तो देश सोडून गेला आणि साक्षीसाठी न्यायालयात आला नाही. मृताचा मित्र किंवा ओळखीचा परदेशी माणूस हाच कथेत तपास पुढे नेतो. खऱ्या खटल्यात नेमका तोच साखळीतला तुटका दुवा ठरतो. कायद्याने यावर वाट काढलेली आहे. २००३ मध्ये महाराष्ट्र शासन विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या प्रकरणात न्यूयॉर्कचे डॉक्टर भारतात येऊन साक्ष द्यायला तयार नव्हते, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने व्हिडिओ कॉन्फरन्सिंगद्वारे साक्ष घेता येईल असा निर्णय दिला. भारत आणि ब्रिटन यांच्यात फौजदारी प्रकरणांत परस्पर साहाय्याचा करार १९९२ पासून आहे. पण पडद्यावरच्या साक्षीलाही साक्षीदाराची तयारी लागते, आणि तिकडच्या न्यायालयाला विनंतीपत्र पाठवून उत्तर मिळवायला काळ लागतो. साक्षीदार गावात असतानाच दंडाधिकाऱ्यासमोर त्याचा जबाब नोंदवणे, ओळखपरेड घेणे आणि परतीच्या तिकिटाची तारीख विचारून घेणे हा त्यावरचा खरा उपाय आहे.

याच्या शेजारी काणकोणचे प्रकरण ठेवावे. १४ मार्च २०१७ रोजी देवबाग येथे एका स्थानिक शेतकऱ्याला डॅनिएल मॅकलॉक्लिन या २८ वर्षांच्या आयरिश तरुणीचा मृतदेह दिसला. पोलिसांनी पहिल्या दिवसापासून खून म्हणूनच तपास केला आणि लगेच संशयिताला अटक केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये मडगावच्या जिल्हा व सत्र न्यायालयाने आरोपीला बलात्कार व खुनासाठी जन्मठेप सुनावली. इथेही जवळजवळ आठ वर्षे गेली, आणि तिच्या आईला प्रत्येक तारखेची वाट पाहावी लागली. पण पहिल्याच न्यायालयात दोषसिद्धी झाली. दोन्ही प्रकरणे सारखी नाहीत हे मान्य केले पाहिजे. काणकोणच्या देहावरच्या जखमाच खुनाची साक्ष देत होत्या, तिथे अपघात म्हणायला जागाच नव्हती. पण मुद्दा याच फरकातून सिद्ध होतो. खून डोळ्यांना दिसतो तेव्हा आपली यंत्रणा कामाला लागते. दिसत नाही तेव्हा सोपे उत्तर स्वीकारण्याकडे तिचा कल असतो. त्याच काणकोण तालुक्यात पाटणे येथे जानेवारी २०१५ मध्ये फिन्लंडचा तरुण फेलिक्स दाल रस्त्यावर मृतावस्थेत सापडला होता. पोलिसांनी पडून झालेला अपघात मानला, आईने मानला नाही, आणि तिचा पाठपुरावा वर्षानुवर्षे चालू राहिला. तो खून होता की अपघात, याचा निवाडा या लेखाने करायचा नाही. सांगायचे ते एवढेच की पहिल्या दिवशी सगळे प्रश्न विचारले गेले असते आणि त्यांची उत्तरे कागदावर आली असती, तर निदान एक कुटुंब अनंत शंकेत जगले नसते.

इंग्लंडमध्ये अशा शंकेसाठी एक जुनी संस्था आहे, कॉरोनर. १९७९ मध्ये सौदी अरेबियातील जेद्दा येथे एका पार्टीच्या रात्री हेलन स्मिथ ही २३ वर्षांची ब्रिटिश परिचारिका इमारतीखाली मृत सापडली. सज्जातून पडून अपघात, असे तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितले. तिचे वडील रॉन स्मिथ स्वतः माजी पोलीस. त्यांनी मुलीचे शव इंग्लंडला आणवले आणि चौकशीची मागणी केली. परदेशातला मृत्यू म्हणून कॉरोनरने नकार दिला, तेव्हा ते न्यायालयात गेले. १९८२ मध्ये अपील न्यायालयाने ठरवले की शव आपल्या हद्दीत आले असेल तर मृत्यू जगात कुठेही झालेला असो, कॉरोनरने चौकशी केलीच पाहिजे. त्या चौकशीत ज्यूरीला खून की अपघात हे ठरवता आले नाही. वडिलांचे समाधान झाले नाही आणि तीस वर्षे त्यांनी मुलीवर अंत्यसंस्कार होऊ दिले नाहीत. पण त्या निकालामुळे पुढच्या अनेक कुटुंबांना खुल्या न्यायालयात प्रश्न विचारण्याचा हक्क मिळाला. आपल्याकडे मुंबईत कॉरोनरचे न्यायालय होते, ते १९९९ मध्ये बंद झाले. आता मृत्यू कसा झाला यावर साक्षीदार बोलावून, नातेवाइकांना प्रश्न विचारू देऊन खुली चौकशी करणारी नेहमीची संस्था आपल्याकडे नाही. कोठडीतील मृत्यूसारख्या ठरावीक प्रसंगीच दंडाधिकारी चौकशी करतात. म्हणून आपल्या व्यवस्थेत सगळा भार त्या एका पंचनाम्यावर येतो, आणि म्हणूनच तो ढिला असणे परवडत नाही.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की किनाऱ्यावरचे बहुतेक मृत्यू खरोखरच बुडणे, दारू, अमली पदार्थ, हृदयविकार किंवा दुचाकीचा अपघात यांनीच होतात. मग प्रत्येक ठिकाणी खुनाचा वास कशाला घ्यायचा? दुःखाने वेड्या झालेल्या आईला किंवा मित्राला कट दिसणे स्वाभाविक आहे, पोलिसांनी त्यामागे का धावावे? या आक्षेपात तथ्य आहे. पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतरही आपला समुद्र किती माणसे ओढून नेतो हे २००८ पासून किनाऱ्यांवर तैनात असलेल्या 'दृष्टी' संस्थेच्या जीवरक्षकांना विचारावे. रहस्यकथेची एक खोड अशी की तिच्यात अपघात कधीच अपघात नसतो. ती खोड तपासात शिरली तर निरपराध माणूस भरडला जातो. पण इथे मागणी संशय घेण्याची नाही. ठाऊक नसताना ठाऊक असल्यासारखे लिहू नये, एवढीच ती आहे. नीट केलेला पंचनामा अपघात असेल तर अपघातच सिद्ध करतो, आणि कुटुंबाला तो पटतो. आरोपीसाठीही तोच कागद ढाल असतो. हणजूणच्या खटल्यातला एक आरोपी खालच्या आणि वरच्या अशा दोन्ही न्यायालयांत निर्दोष ठरला, पण त्याआधी त्याच्या आयुष्याची अकरा वर्षे आरोपी म्हणून गेली. पहिल्या दिवशी पुरावा नीट गोळा झाला असता, तर दोषी लवकर ठरला असता आणि निर्दोषही लवकर सुटला असता.

दुसरा आक्षेप गोव्याच्या बदनामीचा. एकेका परदेशी मृत्यूवर जगभरच्या वर्तमानपत्रांत मथळे येतात, हंगामावर परिणाम होतो, आणि गावातल्या शेकडो घरांची चूल पर्यटनावर आहे. पेडण्यातल्या माणसाला ही भीती वाटणे चूक नाही. पण २००८ चा अनुभव काय सांगतो? मृत्यूची बातमी दोन दिवसांत विरली असती. मृत्यू अपघात ठरवून प्रकरण बंद करण्याचा प्रयत्न झाला आणि दुसऱ्या शवचिकित्सेने तो उघडा पाडला, म्हणून बातमी महिनोन्‌महिने जगभर चालली. गुन्हा कुठल्याही पर्यटनस्थळी घडतो हे प्रवासी जाणतो. तिथे गुन्हा झाकला जातो ही गोष्ट मात्र तो विसरत नाही. गावाचे नाव झाकाझाकीने राखता येत नाही. या गावात काही झाले तर माणसे खरे सांगतात आणि पोलीस खरे लिहितात, अशी ख्याती झाली तर तीच गावाच्या कामी येईल.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो टाळता येणार नाही. गोऱ्या पाहुण्यासाठी सीबीआय, दूतावास, दूरचित्रवाणी. आणि आपल्या माणसासाठी काय? ओडिशा-झारखंडहून येऊन डिचोलीच्या खाणपट्ट्यात किंवा औद्योगिक वसाहतीत राबणारा मजूर सकाळी खड्ड्याच्या पाण्यात सापडला, तर त्याच्यासाठी कोण लढतो? खरे आहे. १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार परदेशी नागरिकाच्या मृत्यूची खबर त्याच्या देशाच्या वाणिज्य दूतावासाला द्यावी लागते. मजुराच्या गावी ती खबर कधी पोहोचते, कधी पोहोचतही नाही. पण यावरून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. परदेशी आईजवळ पासपोर्ट होता, वकील होता, पत्रकार होते, म्हणून दुसरी शवचिकित्सा झाली. ज्याच्यामागे असे कोणी नाही, त्याला दुसरी संधी मिळतच नाही. त्याच्यासाठी पहिला पंचनामा हाच शेवटचा. कलम १९४ मध्ये नागरिकत्वाचा उल्लेख नाही. ते हरमलच्या रशियन पाहुण्याला जेवढे लागू आहे तेवढेच साखळीच्या बाजारात मेलेल्या अनोळखी हमालाला. परदेशी खटल्यांतून यंत्रणेला जी शिस्त लागेल, तिचा सर्वांत मोठा लाभ बिनआवाजी माणसाला होणार आहे.

ही शिस्त नुसत्या पोलिसांची नाही, गावाचीही आहे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्याकडे पंच होण्याच्या बाबतीत शब्दशः पाळली जाते. सही केली की दहा वर्षे तारखा, कामाचा खाडा, वर आरोपी गावातलाच असला तर वैर. या भीतीला शिव्या देऊन ती जाणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता दिली आणि नव्या संहितेने राज्यांना अशी योजना करायला सांगितले आहे. ती पेडण्याच्या ठाण्यात कागदावर न राहता प्रत्यक्ष वापरली गेली पाहिजे. साक्ष चित्रफितीने नोंदवण्याची सोय सर्रास झाली तर पायलटला किंवा रापणकाराला दर तारखेला न्यायालयात ताटकळावे लागणार नाही. दुसरीकडे घरमालकांनीही आपले काम करायला हवे. परदेशी पाहुणा उतरल्यावर चोवीस तासांच्या आत त्याच्या नोंदीचा फॉर्म (पूर्वीचा 'सी' फॉर्म) भरणे बंधनकारक आहे. कित्येक घरांत तो कटकट म्हणून टाळला जातो. पण पाहुणा मेला तर तो कोण, कुठून आला, कोणाबरोबर राहत होता, याचा पहिला धागा तोच असतो. 'द थर्ड मॅन'मध्ये पुरलेला देह कोणाचा हे कुणी तपासले नाही आणि सगळा घोटाळा तिथून सुरू झाला. आपल्या गावात निदान ती चूक होऊ नये.

आणि हे सगळे परक्यांसाठी करायचे, असेही नाही. बार्देश-सासष्टीपासून पेडणे-डिचोलीपर्यंत किती तरी घरांतला माणूस तारवटी म्हणून जहाजावर किंवा आखातात नोकरीला आहे. क्रूझ जहाजे बहुधा बहामा, पनामा, बर्म्युडा अशा देशांच्या झेंड्याखाली चालतात, आणि भर समुद्रात झालेल्या मृत्यूचा तपास ज्याचा झेंडा त्या देशाच्या अखत्यारीत येतो. घरी एके दिवशी फोन येतो, मुलगा जहाजावरून पडला, किंवा झोपेत गेला. परदेशात भारतीयानेच गुन्हा केला असेल तर केंद्र सरकारच्या संमतीने इथे खटला चालू शकतो. मारणारा परदेशी असेल तर आपल्या हाती विनंत्या करण्यापलीकडे फारसे काही नसते. शवपेटीबरोबर आलेला कागद तोच आपला सगळा पुरावा. त्या घरातली आई काय मागते? जहाजावरच्या कोणी तरी त्याच दिवशी जागा पाहिली असावी, बरोबरच्या मित्रांना विचारले असावे, देहावरची प्रत्येक खूण लिहिली असावी, आणि ठाऊक नसताना अपघात म्हणून टाकले नसावे. स्कार्लेटच्या, डॅनिएलच्या, फेलिक्सच्या आईनेही गोव्याकडे नेमके हेच मागितले. आपल्या मुलासाठी परक्या मुलखात जो प्रामाणिकपणा आपण हक्काने मागतो, तो आपल्या किनाऱ्यावर मेलेल्या परक्या मुलाला देणे हे उपकार नव्हेत, ते कर्तव्य आहे. त्यासाठी झुंजारसारखा नायक लागत नाही. पंच म्हणून बोलावले की न टाळणारा गावकरी, ठाऊक नसेल तिथे 'कारण अनिश्चित' असे लिहिण्याचे धैर्य असलेला उपनिरीक्षक, आणि वरून फोन आला तरी जखमा मोजणारा डॉक्टर, एवढी तीन माणसे पहिल्या दिवशी जागेवर असली, की मृताच्या मित्राला छडा लावायला समुद्र ओलांडून यावे लागणार नाही.